भाडे नियंत्रण कायदा बदलला तर काय? पगडीची खोली, हेवी डिपॉझिट आणि मालक-भाडेकरूंचे हक्क

भाडे कायदा बदलणार अशी बातमी आली की डोंगरी, मदनपुरा, नागपाडा, भेंडी बाजार इथल्या घराघरांत एकच प्रश्न निघतो: आपली खोली जाणार का? त्याच मोहल्ल्यात एखाद्या बेवा खालाच्या घरी मात्र उलटा प्रश्न असतो. सासऱ्यांनी मागे ठेवलेल्या चाळीचे भाडे आता तरी वाढेल का? महिन्याला जे येते त्यात जिन्याची दुरुस्तीसुद्धा होत नाही.

दोन्ही प्रश्न खरे आहेत. आपल्या समाजात मालकही आहेत, भाडेकरूही आहेत, आणि मशिदीच्या ट्रस्टचे गाळे भाड्याने घेऊन धंदा करणारेही आहेत. म्हणून सध्याचा कायदा काय सांगतो, सरकारचे प्रस्ताव काय आहेत आणि त्यांचा कोणावर काय परिणाम होईल, याची माहिती इथे एकत्र देत आहोत. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. तुमचे घर पगडीचे आहे, लिव्ह अँड लायसन्सचे आहे की ट्रस्टचे, यावर सगळे अवलंबून आहे. आणि ते ठरते तुमच्या हातातल्या कागदावर.

कायदा आला कुठून?

मुंबईत भाड्यावर पहिले बंधन आले 1918 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात. शहरात माणसे वाढत होती, घरे कमी होती आणि मालक मनाला येईल तसे भाडे मागत होते. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली. मग 1947 चा मुंबई भाडे कायदा झाला. त्यात 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच 'प्रमाण भाडे' धरले गेले. कायदा होता तात्पुरता, पण त्याची मुदत वाढतच गेली आणि भाडी गोठली ती गोठलीच.

भाडे वाढवता येत नाही आणि भाडेकरू काढता येत नाही, म्हणून बाजाराने वाट काढली. तिचे नाव पगडी. खोली देताना एकरकमी मोठा पैसा घ्यायचा आणि पुढे नाममात्र भाडे चालू ठेवायचे. भाडेकरूला खोली सोडायची असेल तर नवा माणूस पगडी देणार आणि त्यातला हिस्सा मालकाला जाणार. हा हिस्सा बोलणीने ठरतो, बऱ्याच ठिकाणी तो तिसरा असतो. कित्येक दशके हा व्यवहार कायद्याने गुन्हा होता आणि तरी उघडपणे चालत होता.

डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटले की, भाडी इतकी वर्षे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. जुना कायदा संपतच आला होता, म्हणून तो रद्द केला नाही, पण सरकारला इशारा मिळाला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याआधी मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या भागासाठीचा 1954 चा कायदा होता आणि विदर्भात 1949 चा आदेश. आता सगळ्या राज्याला एकच कायदा आहे.

1999 च्या कायद्यात भाडेकरूला काय मिळते?

- भाडे वेळेवर भरत असाल, भरायची तयारी असेल, तर मालक मनाला आले म्हणून काढू शकत नाही. थकबाकी असेल तरी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि 90 दिवस थांबावे लागते.
- दावा दाखल झाला तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी 15 टक्के साध्या व्याजासह कोर्टात भरली, तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही.
- भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.
- पाणी, वीज, जिन्यातला दिवा अशा गरजेच्या सोयी तोडून भाडेकरूला हैराण करता येत नाही.
- पगडी देणे-घेणे आता कायदेशीर आहे. कलम 56 ने त्याला मान्यता दिली.

आणि मालकाला?

- भाड्यात दर वर्षी 4 टक्के वाढ करता येते. ऐकायला बरे वाटते, पण हिशोब करून बघा. 2000 साली भाडे 100 रुपये असेल आणि दर वर्षी चढत्या हिशोबाने 4 टक्के वाढले, तरी 25 वर्षांनी ते साधारण 267 रुपये होते.
- काही ठरावीक कारणांवर घर परत मागता येते. स्वतःला खरी गरज असणे, भाडेकरूने परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, किंवा योग्य कारण नसताना सलग सहा महिने जागा न वापरणे.
- बँका, सरकारी कंपन्या, आणि 1 कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचे संरक्षण नाही. त्यांच्याकडून बाजारभावाने भाडे घेता येते.

सहा महिन्यांचा मुद्दा आखातात नोकरीला गेलेल्या कुटुंबांनी खास लक्षात ठेवावा. अब्बा दुबईला, मुले-बायको गावी आणि मुंबईची खोली कुलूपबंद. असे दावे लघुवाद न्यायालयात नेहमी येतात. खोली चालू आहे हे दाखवणारी वीजबिले, पाणीपट्टी, रेशनकार्ड जपून ठेवा.

मग इमारती का पडतात?

भाडे नियंत्रणाने भाडेकरूचे घर वाचवले, पण इमारत वाचवली नाही. मालक म्हणतो, 200 रुपयांच्या भाड्यात मी दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, इमारत तुमची आहे, दुरुस्ती तुम्ही करा. या भांडणात पावसाळे जातात. 31 ऑगस्ट 2017 ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून जास्त जीव गेले. जुलै 2019 मध्ये डोंगरीत पुन्हा तेच झाले. गेलेल्यांत लहान मुलेही होती.

बेट मुंबईतल्या जुन्या इमारतींसाठी सरकारने 1969 मध्ये वेगळा कायदा करून दुरुस्ती मंडळ काढले आणि त्यासाठी उपकर लावला. या त्या 'सेस' इमारती. सुरुवातीला त्या 19 हजारांच्या वर होत्या. 1986 मध्ये म्हाडा कायद्यात आणखी एक तरतूद आली. 70 टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागणी केली, तर सरकार इमारत संपादित करून त्यांना देऊ शकते आणि मालकाला मासिक भाड्याच्या 100 पट रक्कम मिळते. समजा 40 भाडेकरू आहेत आणि प्रत्येकाचे भाडे 150 रुपये. महिन्याचे झाले 6 हजार. म्हणजे अख्ख्या इमारतीचे आणि जमिनीचे 6 लाख! मालक कोर्टात गेले आणि ते प्रकरण तीन दशके फिरत राहिले. अखेर 5 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की, प्रत्येक खासगी मालमत्तेला 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' म्हणता येणार नाही. मालकांची बाजू या निकालाने मजबूत झाली, पण भाडेकरूंचे भाडे कायद्यातले संरक्षण त्याने काढून घेतलेले नाही. हे दोन वेगळे विषय आहेत, त्यांची गल्लत करू नका.

प्रस्ताव पहिला: केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा

केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 ला आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. नावात कायदा असला तरी तो नमुना आहे. राज्य सरकारने तसा स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो महाराष्ट्रात लागू होत नाही. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

- प्रत्येक भाडेकरार लेखी हवा आणि दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला कळवायला हवा.
- भाडे किती, ते मालक आणि भाडेकरू आपसात ठरवतील. सरकारची कमाल मर्यादा नाही.
- अनामत रक्कम राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे भाडे, दुकान-गाळ्यासाठी सहा महिन्यांचे.
- मुदत संपूनही घर सोडले नाही तर पहिले दोन महिने दुप्पट भाडे, त्यानंतर चौपट. भाडे 15 हजार असेल तर आधी महिना 30 हजार, मग महिना 60 हजार.
- मालकाला घरात यायचे असेल तर 24 तास आधी कळवावे लागेल.
- वाद भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय आणि न्यायाधिकरण अशा तीन पायऱ्यांवर, ठरावीक मुदतीत निकाली काढायचे.

पगडीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हा नमुना पुढच्या करारांसाठी आहे. आधीपासून चालत आलेल्या भाडेकरारांना तो लागू होत नाही, असे केंद्राने स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे 'उद्यापासून पगडी खलास' असे व्हॉट्सअॅपवर फिरणारे मेसेज वाचून घाबरू नका.

दुसरी गोष्ट ट्रस्टच्या भाडेकरूंसाठी. वक्फ कायद्याखाली नोंद असलेल्या मिळकती आणि नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टच्या मिळकती या नमुन्यातून वगळल्या आहेत. मशिदीच्या वक्फ गाळ्यात दुकान असेल तर तुमचा प्रश्न वक्फ कायदा आणि त्याखालच्या भाडेपट्टा नियमांत बघावा लागतो. तिथे दोन्ही बाजू अवघड आहेत. दुकानदाराची रोजी त्या गाळ्यावर आहे, आणि बाजारात हजारो रुपये भाडे असताना मशिदीला शे-दोनशे मिळत असतील तर नुकसान वक्फचे, म्हणजे समाजाचेच आहे. मुतवल्ली आणि दुकानदार यांनी बसून वाजवी भाडे ठरवणे आणि ते रीतसर लिहून घेणे, हाच कोर्टापेक्षा बरा रस्ता.

तिसरी गोष्ट या नमुन्यात नाही ती. घर मागायला गेल्यावर नाव विचारून 'सोसायटीत चालत नाही' असे ऐकावे लागते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. धर्म किंवा जात बघून घर नाकारण्याला मनाई करणारे एकही कलम आदर्श कायद्यात नाही. राज्यात असा कायदा चर्चेला आला तर हे कलम मागण्याचा हक्क आपल्याला आहे आणि ते मागायला हवे.

हेवी डिपॉझिटचे काय?

मुंब्रा, कुर्ला, गोवंडी, मीरा रोड या भागात हेवी डिपॉझिटची पद्धत रूढ आहे. पाच-सात लाख मालकाला एकदम द्यायचे, भाडे शून्य किंवा अगदी कमी, आणि मुदत संपली की रक्कम परत. नव्या जोडप्याला दर महिन्याचे भाडे वाचते, मालकाला भांडवल मिळते. पण मालकाने तो पैसा दुसरीकडे गुंतवलेला असतो आणि परत द्यायच्या वेळी 'नवा भाडेकरू आला की देतो' असे उत्तर मिळते. कागद असतो तोही बऱ्याचदा साध्या स्टॅम्प पेपरवर, नोंदणी न केलेला.

दोन महिन्यांची मर्यादा खरोखर लागू झाली तर नवे हेवी डिपॉझिट कायद्यात बसणार नाही. भाडेकरूची बुडणारी रक्कम वाचेल, पण ज्याची मिळकत कमी आणि साठवलेली रक्कम हाताशी आहे, त्याला दर महिन्याचे पूर्ण भाडे भरावे लागेल. शरीयतच्या बाजूनेही यात प्रश्न आहेच. दिलेली रक्कम कर्ज मानली तर तिच्या बदल्यात फुकट राहणे हा कर्जावरचा फायदा ठरतो, असे अनेक उलमा सांगतात. असा व्यवहार करण्याआधी आपल्या भागातल्या मुफ्तींना जरूर विचारा.

प्रस्ताव दुसरा: राज्याच्या पातळीवर

2015-16 च्या सुमारास राज्यात एक प्रस्ताव चर्चेत आला होता. मोठ्या क्षेत्रफळाची घरे आणि दुकाने भाडे नियंत्रणातून बाहेर काढायची. भाडेकरूंनी जोरदार विरोध केला आणि तो मागे पडला. तेव्हापासून सरकारचा भर भाडे वाढवण्यापेक्षा पुनर्विकासावर आहे. म्हाडा कायद्याच्या कलम 79-अ मध्ये आधी मालकाला, त्याने हालचाल केली नाही तर भाडेकरूंच्या सोसायटीला आणि शेवटी म्हाडाला पुनर्विकासाची संधी दिली आहे. या कलमाखालच्या नोटिसांवरून मालक कोर्टात गेले आहेत. डिसेंबर 2025 च्या नागपूर अधिवेशनात पगडी इमारतींसाठी वेगळी नियमावली आणण्याची घोषणा उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी केली. भाडेकरूला त्याच्या ताब्यातल्या जागेइतका एफएसआय आणि मालकाला जमिनीच्या मालकीपोटी एफएसआय, असा तिचा गाभा आहे.

मालकालाही हिस्सा मिळाला तरच तो सही करेल, हे त्यामागचे गणित आहे आणि ते चुकीचे नाही. पण सही करण्याआधी भाडेकरूंनी पुढच्या गोष्टी लेखी घ्याव्यात: नव्या घराचे चटई क्षेत्र, ट्रान्झिटची जागा किंवा महिन्याचे भाडे, काम रखडले तर काय, आणि नवे घर मालकी हक्काने मिळणार का. सेस इमारतींच्या 33(7) योजनेत जुन्या भाडेकरूला किमान 300 चौरस फूट मालकीचे घर मिळते. मात्र 13 जून 1996 नंतर तयार केलेली नवी भाडेकरारी त्यात धरली जात नाही. एका खोलीच्या दोन पावत्या नंतर करून घेतलेल्यांनी हे तपासून घ्यावे.

पावती कोणाच्या नावावर? बहिणीचा हक्क विसरू नका

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. पावती मरहूम अब्बांच्या नावावर आहे. त्यांच्या इंतकालनंतर भाडेकरू कोण? 1999 च्या कायद्याप्रमाणे, राहत्या घरात भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला सदस्य भाडेकरू होतो. तसे कोणी नसेल तर वारस. एकमत नसेल तर कोर्ट ठरवते. दुकानाच्या बाबतीत त्या वेळी भाडेकरूबरोबर तिथे धंदा करणारा कुटुंबातला सदस्य.

म्हणजे कायदा बघतो, सोबत कोण राहत होते. शरीयत बघते, वारस कोण आहे. अम्मी, भाऊ, लग्न होऊन भिवंडीला गेलेली बहीण, सगळ्यांचा हिस्सा ठरलेला आहे. खोलीचे भाडे 200 रुपये असते तोवर कोणी काही बोलत नाही. पण पुनर्विकासात त्याच पावतीचे मालकीचे घर होते, त्याची किंमत लाखांत-कोटीत जाते, आणि मग ज्याच्या नावावर पावती त्याचेच घर होते. बहीण गप्प राहते, किंवा कोर्टात जाते. दोन्ही वेळेला घर तुटते.

म्हणून हे काम इमारत पडायच्या आधी, बिल्डर यायच्या आधी करा. सगळे वारस बसा, एका जाणकार वकिलाला आणि मुफ्तींना विचारा, पावती कोणाच्या नावावर होणार आणि बाकीच्यांना काय मिळणार ते लिहा आणि सह्या घ्या. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. भावा-बहिणीतला व्यवहार लिहिला म्हणून नाते कमी होत नाही.

आज काय करावे?

*पगडीचे भाडेकरू:* सर्व जुन्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा, प्रती काढा. मालक भाडे घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा आणि परत आलेला कागद जपा. भाडे थकवू नका.

*लिव्ह अँड लायसन्सवाले:* करार 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. कलम 55 प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते आणि मालकाला शिक्षा होऊ शकते. मुदत संपल्यावर मात्र या प्रकारात संरक्षण नाही. घर सोडले नाही तर दुप्पट रक्कम लागते, आणि ही तरतूद आजही आहे.

*मालक:* भाडेकरूचे पाणी-वीज तोडून सुटका होत नाही, उलट केस होते. दर वर्षीची 4 टक्के वाढ लेखी कळवा, दुरुस्तीच्या खर्चाची बिले ठेवा. पुनर्विकासाच्या बोलणीत ती उपयोगी पडतात.

*सगळ्यांसाठी:* पावसाळ्याआधी म्हाडा धोकादायक सेस इमारतींची यादी जाहीर करते. तिच्यात आपल्या इमारतीचे नाव आहे का, बघा. नाव असेल आणि खोली सोडायला सांगितले, तर आपला ताबा आणि क्षेत्रफळ लेखी नोंदवून घेऊन मगच ट्रान्झिटला जा, पण जा. घर सोडले म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. इमारत कोसळली तर त्या हक्काचा उपयोग करायला माणसे तरी राहायला हवीत.